चायनीज सुटणार न्हाई

बाजाराच्या दिवशी मी चायनीज खातो. गेली सहा-सात वर्षं खातोय आणि दात आहेत तोवर खाणार. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणायचं की म्हातारा सुधारला. म्हातारा सुधारलेला नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचं सगळं शिक्षण पलटणीच्या लंगरात झालं. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर, आणि मी तिथला कुक. आमच्या रहिमतपुरात पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या सगळ्यांनाच मेजर म्हणतात, तसं मलाही म्हणतात. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. दीडशे माणसांची डाळ खाली न लागू देता शिजवणं ज्याला बंदुकीपेक्षा सोपं वाटतं, त्यानं एकदा शिजवून बघावी.

नोकरीतली काही वर्षं पूर्वेकडच्या डोंगरात गेली. तिथं एका घरी आम्हाला नूडल्स खायला घालायचे. हाडांचं पातळ सूप, वर मूठभर हिरवा पाला, आणि खाली थोड्याशा नूडल्स. तेलाचा थेंब शोधावा लागायचा. ती माणसं पाठीवर पोतं घेऊन चढ चढायची आणि वर जाऊन गाणी म्हणायची. एकाचंही पोट सुटलेलं मी बघितलं नाही. त्यामुळं नूडल्स खाऊन माणूस मरतो असं कुणी मला सांगायला लागलं की मी त्याच्या पोटाकडं बघतो.

गावी परत आलो. पोरगा साताऱ्याला नोकरीला लागला, लेक पलूसला दिली, बायको गेली. आता घरात मी एकटा. एकटा म्हणजे बिचारा नव्हे. माझी भाकरी मी थापतो, माझी आमटी मी फोडणीला टाकतो. कुणाच्या ताटावर डोळा ठेवून बसायची पाळी माझ्यावर आली नाही.

आमच्या गावातलं चायनीजचं हॉटेल म्हणजे चार टेबलं. भिंतीवर लाल ड्रॅगन आहे, पण काढणारा पेंटर गावातलाच असल्यामुळं तो जरा घोरपडीसारखा दिसतो. मालक आणि आचारी एकच, गावातलाच मुसलमान गडी. त्याचा बाप भांड्यांना कल्हई लावायचा, म्हणून पोराला आगीची पारख आहे. कढईखालची ज्योत कवा वाढवायची आणि कवा मारायची हे त्याला बघून कळतं. मी त्याच्याकडं गेलो ते त्यासाठी. ड्रॅगन बघायला नव्हे.

लफडं झालं ते एका फोटोमुळं. कुणीतरी बाजारात मला खाताना टिपलं आणि मोबाइलवर फिरवलं. तो फोटो साताऱ्याला पोराच्या हातात पोचला, आणि नेमका त्याच आठवड्यात माझा रक्ताचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची साखर काढतात, ती. आकडा वर गेला होता. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "आजोबा, साखर खाता का?"

"बंद केलीय. चार वर्षं झाली, चिमूटभर खाल्ली न्हाई," मी म्हणालो. आणि ते खरं होतं.

दवाखान्यातून पोराच्या घरी गेलो. चौथा मजला, लिफ्ट. बसलो न बसलो तोच त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"आबा, ह्यो कोण हाय?"

"मी हाय. वळखत न्हाईस व्हय?"

"आन तोंडात काय लोंबतंय?"

"नूडल्स. पूर्ण आत जाईपर्यंत थांबला न्हाई तो फोटो काढणारा. अक्कल न्हाई."

"हसू नका आबा. साखर कशानं वाढली ते आता कळलं."

सूनबाई आतून आली. ती साताऱ्याचीच, शिकलेली, हळू बोलणारी. "आबा, त्यात काय काय घालतात माहितीय का तुम्हाला? लाल रंग, पांढरी पावडर, जळकं तेल. आमच्या घरात आम्ही मैदासुद्धा आणत नाही."

"मी बसतो तिथनं त्याची कढई दिसती. तू बघितलीयस?"

ती आत वळली. चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "साखर नाही हं यात. गूळ घातलाय, सेंद्रिय. तुमच्या लेकीकडचाच."

माझ्या लेकीच्या घरी पलूसला गुऱ्हाळ आहे. हंगामात तिकडून गुळाच्या ढेपा येतात आणि काकवीचा कॅन येतो. काकवी म्हणजे गूळ घट्ट व्हायच्या आधीचा पातळ पाक, मधासारखा. मी तो चहा अभिमानानं प्यायलो. दोन कप.

मग पोरानं त्याचा निकाल वाचून दाखवला. पुढच्या रिपोर्टपर्यंत चायनीज बंद. तरीही साखर खाली आली नाही तर रहिमतपूरच्या घराला कुलूप, आणि मी इथं चौथ्या मजल्यावर.

हे कुणाला शिक्षा वाटणार नाही. पोरगा चांगला, सून चांगली, खोलीला पंखा, बाथरूमला गरम पाणी. पण त्या घरात मला गॅसला हात लावू देत नाहीत. एकदा मी अंडी उकडायला ठेवली तर सून धावत आली, "आबा, राहू द्या, मी करते." तिनं ते प्रेमानं केलं हे मला कळतं. पण ज्या माणसानं बर्फात, वाऱ्यात, ओल्या लाकडावर शेकड्यानं माणसं जेवू घातली, त्याला दोन अंड्यांपासून उठवायचं, मग त्यानं दिवसभर काय करायचं? सोफ्यावर बसून जेवणाची वाट बघायची. तसं जगण्यापेक्षा... जाऊ द्या.

मी उठून उभा राहिलो. "चायनीज सोडणार न्हाई. आन साखर खाली आणून दाखवीन. न्हाई आली तर पुढच्या रिपोर्टला माझी ट्रंक मीच घिऊन येतो. लिफ्ट बंद असली तरी चार मजले चढवतो."

"हट्ट हाय हा आबा."

"हट्टच हाय. तुला आत्ता कळला व्हय?"

पोरानं एवढंच केलं की बोटातून रक्त काढून साखर दाखवायचं मशीन आणि पट्ट्यांचा डबा माझ्या पिशवीत टाकला.

पुढच्या बाजाराला मी हॉटेलात गेलो आणि टेबलावर न बसता थेट मागं कढईपाशी जाऊन उभा राहिलो.

"आवं मेजर, भाजताल. तिकडं बसा की."

"आज बघायला आलोय. नेहमीचं कर. फ्राइड राइस आन मंचुरियन."

त्यानं केलं. मी एकेक बघत गेलो. मंचुरियनचे गोळे आधी तळले होते, ते परत तळले. रस्सा दाट व्हायला मक्याचं पीठ, आणि चव जुळवायला साखर, चांगली चमचाभर. सॉस दोन प्रकारचे, बाटली उलटी करून. तेल पळीनं. भात मऊ पांढरा, थाळीभर. मी ते सगळं खाल्लं, कारण अन्न टाकायची मला सवय नाही. दोन तासांनी घरी येऊन बोटाला टोचलं. मशीननं मला तोंडावर पाडलं.

म्हणजे सून अगदीच खोटं बोलत नव्हती. हे मी इथं लिहितोय, तिला तेव्हा सांगितलं नाही.

पण लंगरात रस्सा बिघडला म्हणून कुणी जेवण रद्द करत नाही. रस्सा दुरुस्त करतो. पुढच्या बाजाराला मी फडक्यात दोन ज्वारीच्या भाकऱ्या बांधून नेल्या.

"गड्या, आता मी सांगीन तसं कर."

"सांगा."

"तेल एक चमचा. चमचा म्हंजे चमचा, पळी न्हाई. आग पूर्ण. कोबी, गाजर, ढबू मिरची, घेवड्याच्या शेंगा, कांद्याची पात, जेवढं कढईत मावंल तेवढं. वर दोन अंडी. सॉस एक चमचा. साखर न्हाई, पीठ न्हाई, पांढरी पावडर न्हाई. भात न्हाई. नूडल्स टाक, पण नावाला. पोराच्या जावळाएवढ्या."

त्यानं पळी खाली ठेवली. "मेजर, ह्याला चायनीज म्हणत न्हाईत. ह्याला कोबीची भाजी म्हणत्यात."

"तू चीनला गेलायस?"

"न्हाई."

"मी त्याच्या हद्दीवर डाळ शिजवलीय. कर मुकाट्यानं."

त्यानं केलं, आणि मोठ्या आगीवर केलं, म्हणून कोबी कुरकुरीत राहिला आणि मिरचीला कढईचा धुरकट वास लागला. तो वास घरच्या गॅसवर येत नाही. तेवढ्यासाठी तर माणूस हॉटेलात जातो. मी भाकरी मोडून खायला लागलो तसं शेजारच्या टेबलावरची कॉलेजची पोरं हसायला लागली. चायनीजबरोबर भाकरी त्यांनी बघितली नव्हती. एकजण म्हणाला, "आजोबा, ठेचा देऊ का संगं?"

"दे. घिऊन आलायस व्हय घरनं?"

त्यानं मान खाली घालून आपल्या नूडल्स ओढल्या.

दोन तासांनी बोट टोचलं. आकडा जरासा वर, पण जेवल्यावर चढतो तेवढाच. मी मशीनला म्हणालो, बघ.

मला वाटलं लढाई जिंकली. महिना असाच काढला. आणि एका सकाळी सहज टोचून बघितलं तर आकडा पहिल्यासारखाच आभाळात. चायनीज खाऊन पाच दिवस झाले होते. भात नाही, मैदा नाही, साखर तर चार वर्षं नाही. मग ही येते कुठनं?

डोकं चालेना तेव्हा मी लंगरात करायचो तेच केलं. तिथं रेशन कमी भरलं की एकेक पोतं वजनाला लावायचो, सगळी एकदम नाही. दुरेघी वही आणली आणि चायनीजचे दोन्ही वेळचे आकडे मशीनमधून आधी उतरवून घेतले. पहिल्या दिवशी फक्त भाकरी आणि पालेभाजी, आधी टोचायचं, नंतर टोचायचं, वहीत लिहायचं. दुसऱ्या दिवशी भाकरी आणि अंडी. तिसऱ्या दिवशी डाळ. बोटांची चाळण झाली. अक्षर माझं वाकडं, पण आकडे सरळ येतात. सगळं ठीक होतं. चौथ्या दिवशी सकाळची न्याहारी लावली. माझी न्याहारी म्हणजे भाकरी आणि वाटीभर काकवी, वर गुळाचा चहा.

दोन तासांनी मशीननं जो आकडा दाखवला, तो त्या दिवशीच्या फ्राइड राइस-मंचुरियनच्या बरोबरीचा होता. थोडा वरच. मशीन बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी परत तेच खाल्लं. परत तेच.

मी वही घेऊन दारात बसून राहिलो.

आमच्या भागात हे कुणाला सांगा, कुणी ऐकणार नाही. आमच्याकडं साखर ही कारखान्याची, गंधकाची, पोतं भरून बाजारात जाणारी. तिनं रोग होतो. आणि गूळ हा आपला, डोळ्यांदेखत कढवलेला, पाहुण्याला पाण्याबरोबर द्यायचा, बाळंतिणीला द्यायचा. एकाच उसाची दोन पोरं, एक चोर आणि एक देव, असं आम्ही धरून चाललोय. मी स्वतः पारावर बसून चारचौघांना सांगितलं होतं, "डॉक्टरला साखर बंद म्हणायचं आन गूळ खायचा. काय होत न्हाई." दोघांनी माझं ऐकून काकवी सुरू केली होती. चौथी शिकलेल्या माणसाचं कुणी एवढं ऐकत नाही, पण मेजरचं ऐकतात.

लाज वाटली. मी खोटं बोललो असतो तर कमी वाटली असती. मी डॉक्टरीणबाईंना छाती पुढं काढून खरं सांगितलं होतं, आणि ते खरं असूनही चूक होतं.

काकवीचा कॅन उचलला आणि शेजारच्या घरात तरणी पोरं आहेत, त्यांना देऊन टाकला. मग पारावर गेलो आणि त्या दोघांना सांगितलं, "मी तुमाला काकवीचं बोललो व्हतो ते चुकीचं बोललो. थांबवा." एकजण म्हणाला, "आवं मेजर, मग चायनीज खावं का आता?" सगळे हसले. हसू दिलं.

सगळ्यात अवघड लेकीचा फोन होता. तिनं नेहमीसारखं विचारलं, "आबा, काकवी संपली असंल. दुसरा कॅन पाठवू?"

"नगं."

"का? खराब निघाली व्हय?"

"चांगली हाय. लय चांगली हाय. मला चालत न्हाई."

"आवं, त्यात काय घालत न्हाई आमी. सोडा न्हाई, पावडर न्हाई. मी उभी राहून काढून घेते तुमच्यासाठी."

 ती कढईपाशी उन्हाचा आणि भट्टीचा ताप सोसून माझ्यासाठी तो कॅन भरत होती, हे मला दिसत होतं. आगीपाशी उभं राहून दुसऱ्यासाठी काढायचं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. पण मी म्हणालो, "पोरी, तू चांगलंच पाठवतीस. पर माझ्या रगताला चांगलं-वाईट कळत न्हाई. गोड तेवढं कळतं. भुईमुगाच्या शेंगा पाठव."

 मग म्हणाली, "कच्च्या का भाजलेल्या?"

"कच्च्या. भाजायला मी हाय की."

रिपोर्टचा दिवस आला. मी शब्द दिला होता म्हणून ट्रंक भरली. कपडे थोडे, पण माझी लोखंडी कढई, उलथणं आणि तवा सगळं आत घातलं. हरलो तर त्या चौथ्या मजल्यावर निदान माझी कढई माझ्याजवळ असेल, मग गॅस कुणाचाही असो. ट्रंक एसटीत चढवली. दवाखान्यापाशी पोरानं ती बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. "आबा, ही कशाला आणली? मी रागात बोललो व्हतो."

"मी रागात बोललो नव्हतो."

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला. परत बघितला. "आजोबा, खाली आलीय. अजून यायला पाहिजे, पण चांगली खाली आलीय. काय केलंत?"

पोरगा मध्येच म्हणाला, "चायनीज सोडलं असंल."

"एक बाजार चुकवला न्हाई," मी म्हणालो आणि वही टेबलावर ठेवली.

बाईंनी ती पहिल्या पानापासून वाचली. बाहेर पेशंट बसले होते तरी वाचली. काकवीच्या पानावर थांबल्या आणि माझ्याकडं बघितलं.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी साखर इचारली. गूळ इचारला न्हाई."

त्या हसल्या नाहीत. "चूक माझी. इथून पुढं विचारीन." मग चायनीजच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे असं, आठवड्यातून एकदा, माझी हरकत नाही. पण मंचुरियन आणि फ्राइड राइसची नेहमीची थाळी नको, ते तुमच्या वहीनंच सांगितलंय. आणि सॉसमध्ये मीठ फार असतं. तुमचं प्रेशर बघता एक चमचा जास्त होतो. अर्धा करा."

एका चमच्यासाठी मी भांडणार होतो. भांडलो नाही. बाईंनी स्वतःची चूक मान्य केली होती, मग अर्धा चमचा मी सोडला. पण पोराला ऐकू जाईल असं म्हणालो, "लिवून द्या बाई. चायनीजला हरकत न्हाई, असं. अक्षर मोठं काढा."

त्यांनी खरंच लिहून दिलं. तो कागद माझ्या घरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलाय.

पोराच्या घरी गेलो. सूनबाईंनी सवयीनं चहा आणून ठेवला. मी कप बाजूला सरकवला. काय झालं ते पोरानं तिला सांगितलं. ती कपाकडं बघत राहिली. "म्हणजे तुम्ही इथं यायचात तेव्हा आम्हीच..."

"तू न्हाई. मीच. हितं राहिलो असतो तर रोज दोनदा प्यालो असतो आन तुमी दोघं चायनीजला शिव्या देत बसला असता." मग मी ट्रंक उघडली आणि कढई काढली. "कोबी हाय का घरात?"

"आहे. पण आबा, राहू द्या, मी कर..."

तिचं वाक्य अर्धवट राहिलं. ती बाजूला झाली. मी गॅस पूर्ण सोडला, कढई तापू दिली, इतकी की ती म्हणाली, "आबा, धूर!" मी म्हणालो, धूर यायलाच पाहिजे. घरच्या गॅसची आग हॉटेलाइतकी नाही, म्हणून थोडं थोडं करून परतलं. कोबी, गाजर, पात, अंडी, सॉस अर्धा चमचा. मैद्याला बंदी असल्यामुळं नूडल्स नव्हत्या, तर चपात्या बारीक कापून घातल्या.

दोघांनी खाल्लं. पोरानं दुसऱ्यांदा घेतलं. सून म्हणाली, "मीठ कमी वाटतंय."

"डॉक्टरचा हुकूम हाय."

"छान झालंय पण." तिनं आणखी थोडं वाढून घेतलं. "आबा, राहा की दोन दिवस. गॅस तुमचा."

दोन दिवस राहिलो असतो. पण दुसऱ्या दिवशी बाजार होता.

कढई धुऊन, पुसून ट्रंकेत ठेवली. पोरगा स्टँडवर सोडायला आला, ट्रंक उचलायला लागला. उचलू दिली नाही. एसटीत शिरताना कंडक्टर म्हणाला, "आवं मेजर, सकाळी बिऱ्हाड घिऊन आला आन संध्याकाळी माघारी? घेतलं न्हाई व्हय पोरानं?"

"घेत व्हता," मी म्हणालो. "मीच गेलो न्हाई. रहिमतपूर एक."